हात लावण्याआधी

दमट हवेच्या गावात स्थिर विजेची भीती कशाला, असा प्रश्न वसईच्या पट्ट्यात कोणीही विचारील, आणि तो रास्तच आहे. उमेळे हे नायगाव आणि वसई रोड या दोन स्थानकांच्या मधलं, रुळांच्या पश्चिमेचं गाव. दक्षिणेला वसईची खाडी, आसपास खाजणं आणि मिठागरं, पलीकडे समुद्र. जुलैत इथे दोरीवरचा शर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही आणि डब्यातलं मीठ पाणी सोडतं. स्वेटर काढताना तडतड ऐकू येते, अंधारात ठिणग्या दिसतात, हा अनुभव नाशिक-नागपूरच्या थंडीतला. उमेळ्यातल्या माणसाला तो क्वचितच येतो. त्यामुळे कॉम्प्युटर उघडताना मनगटाला पट्टा बांधायचा, रॅम चंदेरी पिशवीतच ठेवायची, हे सगळं थंड मुलखातल्या लोकांसाठी लिहिलंय असं इथे वाटत राहतं.

या समजुतीत अर्धं सत्य आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे बोर्ड मरतात.

दोन वस्तू एकमेकींना टेकल्या आणि वेगळ्या झाल्या की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. घासलं तर स्पर्श वाढतो आणि विद्युतभारही वाढतो. ती वस्तू धातूची असेल आणि जमिनीला जोडलेली असेल, तर भार लगेच वाहून जातो. प्लास्टिकसारखी असेल तर तो तिथेच बसून राहतो. पायात रबरी सोलची चप्पल असली की माणसाचं शरीरही जमिनीपासून तोडलेला वाहकच असतं, आणि त्यावर भार साठतो. हवेत बाष्प असेल तर वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि भार त्यावरून हळूहळू ओघळून जातो. दमट हवा उपकारक असते ती एवढ्याचसाठी.

हा उपकार किती मोठा, याचे आकडे अमेरिकी संरक्षण खात्याने १९८० साली काढलेल्या एका पुस्तिकेत आहेत आणि ते आजही सगळीकडे वापरले जातात. हवेतली सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्के असताना गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तर तोच दाब १,५०० व्होल्टवर येतो. व्हिनाइलच्या फरशीवर १२,००० चे २५० होतात आणि टेबलाशी बसून काम करणाऱ्यावरच्या ६,००० चे १००. घट प्रचंड आहे, यात वाद नाही. पण दमट बाजूचे आकडे पुन्हा वाचा. सगळ्यात चांगल्या परिस्थितीतही १००, २५०, १,५०० व्होल्ट उरतातच.

माणसाला स्थिर विजेचा चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या वर. त्याखालचं काहीच कळत नाही. ना ठिणगी, ना आवाज, ना झिणझिणी. उलट काही सुटे इलेक्ट्रॉनिक भाग १०० व्होल्टच्याही आत दगावतात. म्हणजे १०० पासून ३,००० पर्यंतच्या पट्ट्यात हात काहीही सांगत नाही आणि चिप मात्र मार खाते. उमेळ्याची हवा आपल्याला नेमकी याच पट्ट्यात आणून ठेवते. चटका बसत नाही, म्हणून धोका नाही असं वाटतं. नागपूरचा कारागीर निदान सावध तरी होतो, कारण थंडीत त्याला दाराच्या कडीचाही चटका बसतो.

चिप इतकी नाजूक का, ते तिच्या रचनेत आहे. आजच्या ट्रान्झिस्टरचं दार उघडतं-मिटतं ते एका निरोधक थरातून. हा थर वर्षानुवर्षं सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे काचेच्याच जातीचा असायचा. दहा नॅनोमीटर जाडीचा असा थर साधारण दहा व्होल्टला फुटतो. एकदा भोक पडलं की ते भरून येत नाही. ही डोकेदुखी पूर्वी नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेला टिफ्रॅक हा देशातला सुरुवातीचा संगणक व्हॉल्व्हवर चालायचा, आणि काचेच्या व्हॉल्व्हला बोटावरच्या भाराचं काही सोयरसुतक नसतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस असाच निरोधक थर असलेल्या सीमॉस जातीच्या चिपा बाजारात आल्या आणि थर पातळ होत गेले, तेव्हा कारखान्यांत माल विनाकारण खराब होऊ लागला. याच एका विषयावरची पहिली तांत्रिक परिषद १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला भरली. त्यानंतर चिपांच्या प्रत्येक पायाशी आतच संरक्षक डायोड घालायची पद्धत रुजली, म्हणून आज बोर्डवर बसवलेला भाग बराच सहनशील असतो. हातात धरलेला सुटा भाग तितका नसतो.

चिपेची चाचणी घेताना माणसाच्या जागी १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १,५०० ओहमचा रोध धरतात. ३,००० व्होल्टला चढलेल्या अशा 'माणसाने' पायाला स्पर्श केला तर क्षणभर दोन अँपिअर प्रवाह वाहतो. तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकाही टिकत नाही आणि एकूण ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलच्या आसपास असते. आपल्या कातडीला ती नगण्य, पण केसाहून कितीतरी बारीक धातूची रेघ वितळवायला पुरेशी.

भाग जागच्या जागी मेला तर निदान हिशेब सरळ असतो. कधीकधी तो अर्धवट जखमी होतो. थर पूर्ण फुटत नाही, नुसता कमकुवत होतो. मशीन चालू होतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आणि काही आठवड्यांनी निळा पडदा दिसू लागतो. असं किती वेळा घडतं याबद्दल अभियंत्यांत एकमत नाही, पण असं घडतं हे मात्र मान्य आहे. दुरुस्तीच्या धंद्यात याचा खरा तोटा असा, की कारण आणि परिणाम यांची गाठच पडत नाही. दोष विंडोजवर जातो, व्होल्टेजवर जातो, 'डुप्लिकेट माला'वर जातो. हातावर कधीच जात नाही.

आता उमेळ्याच्या हवेकडे जरा बारकाईने पाहू. ती बारा महिने सारखी नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे कोरडे असतात, आणि समुद्रावरचा खारा वारा कधीकधी दुपारपर्यंत सुरूच होत नाही. त्या वेळात हवेतलं बाष्प चांगलंच उतरतं. ओठ फुटतात, कंगव्याला केस चिकटतात. नेमक्या त्याच महिन्यांत परीक्षा आणि मार्चअखेरची हिशेबाची कामं येत असल्यामुळे दुरुस्तीलाही गर्दी असते. वातानुकूलित खोलीत तर यंत्र हवेतलं पाणी सतत काढून बाहेर टाकत असतं. त्यात खाली व्हिनाइल अंथरलेलं आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची. टेरिकॉटची पँट घालून या खुर्चीतून उठलं की दोन पृष्ठभाग एकदम वेगळे होतात आणि अंगावर भार चढतो. उठल्या उठल्या टेबलावरच्या मदरबोर्डला बोट लावायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरंच साधेल.

खाऱ्या हवेची दुसरी करामत मला जास्त महत्त्वाची वाटते. समुद्रावरून आलेले मिठाचे सूक्ष्म कण धुळीबरोबर बोर्डवर बसतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं ते याचमुळे, आणि बोर्डवरही तेच घडतं. सोन्याचा मुलामा असलेल्या रॅमच्या पट्ट्यांवर सूक्ष्म छिद्रं असतात; त्यातून हे खारं पाणी आतल्या निकेल-तांब्यापर्यंत पोचतं आणि गंज धरतो. संपर्क तुटतो, मशीन चालू होत नाही, नुसती बीप वाजत राहते. म्हणजे स्थिर विजेला आवर घालणारी तीच दमट हवा दुसऱ्या दाराने रॅम बंद पाडते. आणि हा दुसरा बिघाड दुरुस्त करताना आपण पहिल्याला आमंत्रण देतो, ते असं.

रॅम काढायची, डाव्या हाताच्या बोटांत धरायची आणि शाळेतल्या खोडरबराने पट्ट्या खसाखसा पुसायच्या. सगळ्या महाराष्ट्रात चालणारा हा उपाय आहे, आणि तो बऱ्याचदा लागू पडतो म्हणूनच टिकला आहे. पण त्यात काय होतं ते पाहा. एक निरोधक वस्तू आपण दुसऱ्या वस्तूवर घासतो आहोत, म्हणजे भार तयार करण्याची सगळ्यात जुनी रीत थेट रॅमच्या पायांवरच वापरतो आहोत. सोन्याचा मुलामा मायक्रोमीटरभरही जाड नसतो. घासण्याने तोही झिजतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज लवकर येतो. त्यातच खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो निराळाच. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं सुती फडकं आणि हलका हात, एवढ्याने हेच काम होतं. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकायचा, रॅम कडांना धरायची, फडकं ओलसर ठेवायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायची नाही.

रॅम नवीन आणायची असेल तर उमेळ्याहून अनेक जण मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठतात. ग्रँट रोडला उतरलं की चार पावलांवर बाजार, आणि तो पश्चिम रेल्वेवरच आहे. परतीच्या प्रवासात मात्र घात होतो. दुकानदाराने सुटी रॅम साध्या पॉलिथिनच्या पिशवीत घालून दिली, ती शर्टाच्या खिशात गेली आणि संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये तासभर दहा खांद्यांशी घासत आली. पिशवीवरचा भार रॅमला हात न लावताही तिच्यातले इलेक्ट्रॉन एका बाजूला ढकलतो. घरी आल्यावर रॅम धातूच्या टेबलावर ठेवली की तो क्षण बिघाडाचा. इथे भार माणसाकडून चिपेत गेलेला नसतो, तर भारित चिपेतून बाहेर पडलेला असतो. असा विसर्ग नॅनोसेकंदात उरकतो आणि म्हणूनच अधिक तीव्र असतो. कारखान्यांत या प्रकारची वेगळी चाचणी घेतात.

म्हणून पिशवीचा हट्ट धरायला लाजू नये. चंदेरी, थोडी पारदर्शक दिसणारी पिशवी धातूचा थर दिलेली असते. बाहेरच्या भारापासून ती आतल्या भागाचं रक्षण करते. गुलाबी पिशवी स्वतः घासली तरी फारसा भार धरत नाही, पण बाहेरचा अडवतही नाही. दोन्हींवर बहुधा त्रिकोणात हाताचं चित्र असतं. चंदेरी पिशवी टाचणीने भोकसलेली किंवा चुरगळून पांढरी पडलेली असेल तर तिचा भरवसा संपला. आणि ती मदरबोर्डखाली अंथरून त्यावरच मशीन चालू करून पाहणं हा प्रकार टाळावा, कारण धातूचा थर शेवटी धातूचाच. थर्माकोलचं तर नावच नको. त्यावरचा भार जमिनीला जोडून उतरवता येत नाही, कारण तो मुळात वाहतच नाही.

आता एक गोष्ट, जिचा स्थिर विजेशी गोंधळ इथे रोज होतो. पुष्कळ घरांत कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं, टेस्टर लावला तर मिणमिणतो. लोक म्हणतात, स्टॅटिक आहे. ते स्टॅटिक नसतं. स्थिर विजेचा चटका एकदाच बसतो आणि संपतो. सतत जाणवणारी झिणझिणी ही अर्थिंग नसल्याची खूण आहे. पॉवर सप्लायच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, आणि दोन्हींचं दुसरं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेलं असतं. पत्रा अर्थला जोडलेला असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह सहसा अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत असल्याने माणसाला त्यापासून सहसा इजा होत नाही, पण चालू मशीनला टीव्हीची किंवा प्रिंटरची केबल लावताना हाच फरक पोर्टच्या पिनांवरून वाहून जाऊ शकतो. केबल लावताना दोन्ही प्लग काढून ठेवावेत ते यासाठी. मात्र झिणझिणी जोरदार असेल तर कॅबिनेटला हात न लावता मुख्य स्विच बंद करून वायरमनला बोलवायचं. तिथे कॉम्प्युटरचा विषय संपतो.

अर्थिंगबद्दल उमेळ्यात एक फायदा आहे आणि एक तोटा. खड्ड्यात पाइप पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरायची आपली जुनी रीत ही ओल आणि क्षार यांमुळे माती वीज चांगली वाहते म्हणूनच आहे. खाजणालगतच्या जमिनीत दोन्ही आयतेच मिळतात. तोटा हा, की तेच क्षार लोखंडी पट्टी आणि नटबोल्ट खाऊन टाकतात. दहा वर्षांपूर्वी उत्तम असलेलं अर्थिंग आज खड्ड्याच्या तोंडाशी तुटलेलं असू शकतं, आणि तीन पिनांचं सॉकेट मात्र दिसायला तसंच असतं. जुन्या चाळींत आणि वाढवलेल्या खोल्यांत तर तिसऱ्या भोकामागे कधीकधी तारच नसते. दुरुस्तीचं टेबल लावणाऱ्याने आधी परवानाधारक वायरमनकडून अर्थ मोजून घ्यावं. जुन्या पुस्तकांत नळाला हात लावून भार उतरवायला सांगतात. आताचे नळ बहुतेक प्लास्टिकच्या पाइपवर आहेत. खिडकीची जाळी भिंतीत ठोकलेली असते, तिचाही भरवसा धरता येत नाही.

मग घरात नीट अर्थिंग नसताना रॅम बदलायचीच नाही का? बदलता येते, आणि इथेच या सगळ्याचं मर्म आहे. चिप मारतो तो दोन वस्तूंमधला दाबाचा फरक. मिठागरात दोन कुंड्यांमधली फळी काढली तर पाणी उंच कुंडीतून खालच्या कुंडीत धावतं. दोन्हींची पातळी आधीच एक असेल तर फळी काढूनही काही होत नाही. तुमचं शरीर, कॅबिनेटचा पत्रा आणि हातातली रॅम ही तिन्ही एका पातळीवर आणली, की जमिनीशी त्यांचं नातं काहीही असो, त्यांच्यात विसर्ग होण्याचं कारण उरत नाही.

प्रत्यक्षात हे असं करावं. मशीन बंद करून प्लग ओढून काढायचा. नुसत्या स्विचवर विसंबायचं नाही, कारण काही वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर घातलेला सापडतो, आणि प्लग जोडलेला असला की बंद दिसणाऱ्या मदरबोर्डवरही पाच व्होल्ट उभे असू शकतात. मग पुढचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची. लॅपटॉप असेल तर बॅटरीचं कनेक्शन आधी काढायचं. कॅबिनेटचं झाकण उघडल्यावर रंग नसलेल्या पत्र्याला, म्हणजे पॉवर सप्लायच्या किंवा ड्राइव्हच्या सांगाड्याला हात टेकायचा. रंगवलेला पत्रा चालत नाही, रंग हा निरोधकच. नवा भाग पिशवीसकट त्याच पत्र्याला टेकवायचा, दुसरा हात पत्र्यावर ठेवूनच पिशवी उघडायची आणि भाग कडांना धरून बाहेर घ्यायचा. काम चालू असताना उठून फोन घेतला, चहा प्यायला, तर परत आल्यावर पुन्हा पत्र्याला हात. घरात सुती कपडे घालून अनवाणी लादीवर बसून काम करणं हे चकचकीत ऑफिसातल्या खुर्चीपेक्षा कितीतरी बरं. धूळ काढताना ब्लोअर लांबून मारावा, नायलॉनचा ब्रश टाळावा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी फिरली तर पंखा उलट वीज तयार करतो.

रोज हेच काम करणाऱ्याने मात्र मनगटाचा पट्टा घ्यावाच. त्याच्या तारेत दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा रोध असतो आणि सगळी युक्ती त्या रोधात आहे. ३,००० व्होल्टचा भार नुसत्या तारेतून एकदम सुटण्याऐवजी तीन मिलिअँपिअरच्या धारेने उतरतो आणि तरीही सेकंदाच्या काही सहस्रांश भागात संपतो. चुकून हात २३० व्होल्टला लागला तर पट्ट्यावाटे पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह वाहतो. तारेत रोध नसलेला घरगुती पट्टा, म्हणजे मनगटाला गुंडाळलेली उघडी तार, हा जिवाशी खेळ आहे. तो कोणी करू नये. 'विनावायर' म्हणून विकला जाणारा पट्टाही घेऊ नये, कारण ज्या दाबाला चिप मरते त्या दाबाला त्यातून काहीच उतरत नाही. पट्टा बांधून पॉवर सप्लाय किंवा जुन्या काचेच्या नळीचा मॉनिटर उघडायचा नाही. पॉवर सप्लायच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. तिथे भीती चिपेची नसते, स्वतःची असते.

पट्टा विकत घेतल्यावर तो टेबलाच्या खिळ्याला अडकवून ठेवायचा आणि मल्टिमीटरने अधूनमधून तपासायचा. एक टोक मनगटाला लागणाऱ्या धातूच्या चकतीला, दुसरं चिमट्याला. काटा किंवा आकडा एक मेगाओहमच्या आसपास आला तर ठीक. काहीच दाखवत नसेल तर तार आतून तुटली आहे, आणि ती सहसा चकतीजवळच्या वळणावर तुटते. उमेळ्यात घामाने आणि खाऱ्या हवेने चकतीवर हिरवट थर चढतो. तो अल्कोहोलने पुसून काढावा. पट्टा मनगटावर सैल, शर्टाच्या बाहीवरून बांधलेला असेल, तर मीटरवर आकडा बरोबर येऊनही अंगावरचा भार जागच्या जागीच राहतो.